मंदाकाकूंचा फोन

"काकू, परवा म्हैस हरवली, आज बाप? दोरीनं बांधून ठेवायचा की!" एवढं बोलून मी खो खो हसलो आणि फोन ठेवला.

गाणं चालू होतं, फेडर खाली होता. फेडर म्हणजे माईकचा आवाज वर-खाली करणारी पट्टी. ती खाली असली की स्टुडिओतलं बोलणं हवेत जात नाही. त्यामुळे माझं हसणं ऐकलं ते फक्त फोनवरच्या बाईनं.

आता मंदाकाकूंचं सांगतो. सोलापुरात आमच्या रेडिओ स्टेशनवर मी निवेदक, सलीम रेकॉर्डिंगला. हा गडी बाईचा आवाज असा काढायचा की भलेभले फसावेत. मी लाइव्ह असलो की शेजारच्या खोलीतून फोन करायचा. "वैराग गावावरनं मंदाकाकू बोलतीया. म्हैस हरवलीय वो माजी. तुमचा आवाज वळखती ती. हाक मारा की रेडिओवरनं!" मग माईकवर मला हसू आवरायचं नाही. मीही काही कमी नव्हतो. त्याच्या हेडफोनला खोबरेल तेल मीच लावायचो.

त्या दिवशी भर उन्हाळ्यात, दुपारी बाराला फोन आला. "वैरागवरनं बोलतीया. आबा सकाळपासनं सापडंनात. त्यांना घरची वाट आठवत न्हाय. पण कानाला तुमचाच रेडिओ हाय. हाय तितं सावलीत बसा म्हणून तुमी सांगितलं तर ऐकतील." रडणंसुद्धा हुबेहूब. वा रे सलीम, म्हटलं!

फोन ठेवला आणि सलीम आत आला. दोन्ही हातांत चहाचे कप.

"आत्ता फोन तूच केलास ना?"

"मैं? मैं तो नीचे कॅन्टीन में था, भाई."

स्टुडिओतला फोन जुना, त्यावर नंबर दिसत नाही. धावत मॅडमकडे गेलो. त्या आमच्या प्रोग्रॅम हेड.

"नाव काय त्यांचं? अंगावर कपडे कुठले?"

"विचारलं नाही, मॅडम."

"मग विचारलंस तरी काय?"

नाव नसतानाही 'वैरागचे आबा, आहात तिथं सावलीत बसा' एवढं मला बोलता आलं असतं. सुचलंही होतं. पण आणखी कुणाची चेष्टा निघाली तर हवेत माझंच हसं होईल, या भीतीनं गप्प बसलो. ही लाज अजून जात नाही.

पाऊण तासानं तिचा पुन्हा फोन आला. या वेळी सगळं लिहून घेतलं, गाणं तोडून सांगितलं. एका मेंढपाळानं मोबाइलवर ते ऐकलं. आबा त्याला बार्शी रोडलगत उघड्या रानात पडलेले सापडले. छातीवर रेडिओ चालू होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दहावं-तेरावं झाल्यावर ती बाई आभार मानायला आली. आभार! म्हणाली, "तुमच्यामुळं आबा सापडले तरी. पयला फोन राँग नंबर लागला बगा. कुणीतरी हसला, दोरीनं बांधून ठेवा म्हणला."

सलीमनं मान खाली घातली.

"तो मीच होतो, ताई," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरोबरच बोललात की. बांधूनच ठेवायला पायजे हुतं."

आता फोन उचलला की मी आधी नाव, गाव, नंबर लिहितो. सलीम अजून माझ्याबरोबरच आहे. बाईचा आवाज तो काढत नाही.