बायनाबाईची बारा वाक्यं

गोंडपिपरीच्या अंगणवाडीत बायनाबाई मदतनीस होती. पंचवीस वर्षं तिनं पोरांना खिचडी वाढली, त्यांची नाकं पुसली. शाळा सातवीपर्यंतची. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर जुळवून वाचता यायचं, एवढंच काय ते तिचं इंग्रजी.

गावच्या बुद्धविहारातल्या बावीस जणांचं श्रीलंकेला, अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायला जायचं ठरलं. त्यात ती होती आणि तिचे यजमान वामनरावही. सगळे आनंदात, ही मात्र धास्तावली. आठ वर्षांपूर्वी जुलाबावर घेतलेल्या एका गोळीनं वामनरावांचे ओठ, डोळे सुजले होते, श्वास अडकला होता. सल्फाचं औषध यांना पुन्हा कधी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गावातल्या दोन्ही मेडिकलवाल्यांना तिनं ते सांगून ठेवलं होतं. तिकडे कोणाला, आणि कोणत्या भाषेत सांगणार?

ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकणाऱ्या मंजुषाला, आपल्या भाचीला, तिनं फोन लावला.

"मावशी, गाइडले हिंदी येते ना? मंग काऊन घाबरून राह्यली?"

"गाइड का माह्या उशाशी बसून राह्यते का वं? मले चार वाक्यं शिकव."

चाराची बारा झाली. मंजुषा रोज फोनवर एक वाक्य बोलून पाठवायची, बायनाबाई ते वहीत मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची. 'माय हजबंड इज अलर्जिक टू सल्फा.' 'आय लॉस्ट माय पासपोर्ट.' 'प्लीज स्पीक स्लोली.' अंगणवाडीत तांदूळ निवडतानाही पुटपुटणं चालूच. आठवडाभरात पोरंही ताटल्या वाजवत "हेल्प मी प्लीज" ओरडायला लागली.

"या वयात मॅडम होतेस का?" वामनराव हसायचे. ती वहीचं पुढचं पान उलटायची.

अनुराधपूरला तिसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांना जुलाब लागले, अंग तापलं. बाकीचे गाइडबरोबर जवळचं मिहिंतले पाहायला निघून गेले होते. गाइडचा फोन लागेना. लॉजवरच्या माणसानं रस्त्यापलीकडचं मेडिकल बोटानं दाखवलं.

"तुमी पडून राहा जी. मी आलीच."

काउंटरमागे तिच्याच वयाची एक बाई होती, चष्मा कपाळावर चढवलेला. ती बाई हसून काहीतरी म्हणाली, आणि बायनाबाईच्या डोक्यातली बाराच्या बारा वाक्यं एकमेकांत मिसळली. तोंडून निघालं, "आय लॉस्ट माय पासपोर्ट!"

बाईनं तातडीनं फोन उचलला. "पोलीस?"

"नो, नो! सॉरी!" बायनाबाईनं दोन्ही हात हलवले. मग रस्त्यापलीकडच्या लॉजकडे बोट दाखवून ती म्हणाली, "माय हजबंड. फीवर. लूज मोशन."

बाईचा चेहरा निवळला. तिनं भराभर काही विचारलं, त्यातला एक शब्द कळला असेल तर शपथ. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. समोरचा काय बोलेल, ते कोणीच शिकवलं नव्हतं.

"प्लीज स्पीक स्लोली."

ती बाई थांबली. मग ओशाळून हसत स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली, "माय इंग्लिश ऑल्सो स्मॉल."

हे मात्र बायनाबाईला लख्ख कळलं. मनावरचा दगडच उतरला. आपल्याला येत नाही ते जगात सगळ्यांना येतं, अशीच तिची इतके दिवस समजूत होती. ही बाईसुद्धा दुसऱ्याची भाषा जपून जपून बोलत होती. मग एकेक शब्द ठेवत, मध्येमध्ये हातांनी सांगत दोघी बोलल्या. ताप कधीपासून? रक्त पडतं का? एखादं औषध चालत नाही का?

"माय हजबंड इज अलर्जिक टू सल्फा," बायनाबाई म्हणाली. एकही अक्षर अडखळलं नाही.

बाईनं दोनदा विचारून खात्री केली. मीठ-साखरेच्या पुड्या आणि तापाची गोळी दिली. एका कागदावर सिंहलीत काही लिहिलं, त्यातला 'सल्फा' इंग्रजीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या, आणि दवाखान्यात हा कागद आधी दाखव, असं खुणेनं समजावलं. मग दुकान शेजाऱ्यावर सोपवून लॉजपाशी येऊन वामनरावांसाठी रिक्षा थांबवून दिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागद वाचला, मान डोलावली, आणि सल्फा नसलेलं औषध दिलं. दोन दिवसांत वामनराव उठून बसले.

परतीच्या विमानात वामनराव खिडकीशी बसले होते.

"ऐक ना," ते एकदम म्हणाले, "तुले काई झालं असतं, तं मी डाक्टरले काय सांगितलो असतो?"

"मले कोठी काय होते?"

"तू रोज सकाळी गोळी घेते. ते कशाची?"

"बीपीची. सहा वर्सं झाली."

"नाव काय तिचं?"

 बायनाबाईनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. वामनरावांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि अक्षर अक्षर जुळवत वाचायला सुरुवात केली.