दाजींचा तांब्याचा ठोकळा

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडून देतात. कामाचा कॉम्प्युटर निजायच्या खोलीत, अगदी ताईच्या उशाशी. रात्रभर व्हिडिओ तयार होत असतो, प्रोसेसर तापतो आणि त्याला गार ठेवायला पंखे घोंघावत बसतात. वर्षानुवर्षं ऐकून घेतल्यावर ताईने एकदाचं सांगून टाकलं, "मला झोप हवी. या खोलीत जो आवाज करील, तो बाहेरच्या खोलीत जाईल."

बाहेरच्या खोलीत पोरांचा चेंडू दिवसभर भिंतींवर आपटत असतो. तिथे कॉम्प्युटर ठेवणं म्हणजे पोटावर पाय. दाजींचा चेहराच उतरला. मग त्यांनी ठरवलं, पंखे काढायचे आणि पाणी खेळवायचं. त्यासाठी हवा वॉटर ब्लॉक. प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा तांब्याचा चपटा ठोकळा. त्याच्या पोटातून पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन जातं.

आता हा माणूस साधी चप्पल घ्यायला गेला तरी दुकानदाराला घाम फुटतो. एका ठोकळ्याच्या आतल्या खाचा फार बारीक, गाळ अडकेल. दुसऱ्याचं पारदर्शक झाकण दिसायला देखणं, पण तडकलं तर? तिसऱ्याचं सगळं पसंत, तर त्याची पकड यांच्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर बसेना. मला रोज फोन. शेवटी मी म्हटलं, "दाजी, घ्या ना कुठलाही." आठवडाभर अबोला धरला त्यांनी.

"मला पसंत करताना यांचा चहासुद्धा निवला नव्हता," ताई म्हणाली. "ठोकळ्याचं नशीब बघ."

एकदाचा ठोकळा आला. तळ इतका चकचकीत की दाजींनी त्यात बघून भांग पाडला. बसवला, सुरू केला, तर प्रोसेसर पहिल्यापेक्षा जास्त तापला आणि कॉम्प्युटर बंदच पडला. दाजींनी दुकानदाराचा यथेच्छ उद्धार केला. मी जाऊन ठोकळा काढून पाहिला, तर तळावरची प्लास्टिकची पातळ फिल्म तशीच.

"ओरखडा पडू नये म्हणून ठेवली होती," दाजी म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

फिल्म निघाली आणि कॉम्प्युटर इतका गप्प झाला की चालू आहे की नाही, हे दिव्यावरून कळायचं. खरं सांगतो, मला त्यांचं कौतुक वाटलं. दाजी त्या रात्री लढाई जिंकल्यासारखे झोपले.

सकाळी मी चहाला गेलो, तर ताईचे डोळे लालभडक.

"का गं, आवाज गेला नाही?"

"पंख्यांचा गेला. यांचं घोरणं इतकी वर्षं त्याच्याखाली दबलं होतं, ते आता मोकळं झालंय. आणि मी आपली त्या बिचाऱ्या यंत्राला बोल लावत होते."

कॉम्प्युटर अजून ताईच्या उशाशीच आहे. दाजी बाहेरच्या खोलीत, चेंडूच्या शेजारी, सतरंजीवर. काल त्यांचा फोन आला होता. तिथे टाकायला पलंग घ्यायचाय, कुठला घेऊ म्हणून विचारत होते. म्हणजे वर्षभर तरी माणूस जमिनीवरच.