मुलींचा रकाना

पाटणच्या तहसील कचेरीसमोर टायपिंगची सात दुकानं आहेत. त्यांतली सहा दुकानं नाथाजी हवालदाराला मागून हसायची. समोर हसायची छाती कुणाची नव्हती, कारण गडी बावीस वर्षं पलटणीच्या ऑफिसात कारकुनी करून आलेला. तिथं त्यानं बंदूक किती चालवली ते त्याचं त्याला ठाऊक, फूटपट्टी मात्र भरपूर चालवली. त्याची बायको आळीभर सांगायची, "आमच्या ह्यांना ताटातली चटणीबी समास सोडून वाढावी लागती."

हवालदाराच्या दुकानातून निघालेला तक्ता लांबून ओळखू यायचा. पहिला कागद घ्या नाहीतर हजारावा, एकावर एक ठेवून उजेडात धरले की रेघेवर रेघ बसायची. शेजारच्या दुकानातली अंकिता हुशार पोर, पण तिचे तक्ते कुठं फुगलेले, कुठं आखडलेले. हवालदार तिचा कागद चिमटीत धरून गिऱ्हाइकांना दाखवायचा.

"बगा. वाऱ्यानं ऊस आडवा झाल्यागत दिसतंय."

"आवं काका, माझ्या तक्त्यात माणसं ऐसपैस तरी बसत्यात," ती म्हणायची, आणि बाकीची दुकानं हळूच खोकायची.

या सगळ्या थाटाचं गुपित म्हणजे साचा. माणूस मेला की त्याच्यामागे कोण कोण उरलं हे सांगणारा वारस तक्ता करावा लागतो, आणि तालुक्यात माणसं रोज मरतात. हवालदारानं दुकान टाकलं त्या वर्षी चार दिवस खपून संगणकावर त्याचा साचा तयार केला. वर मयताचं नाव. त्याखाली पत्नी, एक ओळ. मग मुलगे, प्रत्येकाला आपली ओळ, अशा सहा. त्याखाली मुली, सगळ्यांना मिळून एक रकाना. असं का? तर ज्या म्हाताऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडून तो शिकला, त्याच्या हातच्या नमुन्यात तसंच होतं. शिवाय पंचांच्या सह्या त्याच पानावर बसायला हव्यात. कुणी विचारलं नाही. मुलींनीही नाही. मग ओळी हलू नयेत म्हणून त्यानं प्रत्येक ओळीची उंची बांधून टाकली आणि साच्याला नाव दिलं 'पक्का'. अकरा वर्षं तालुक्यातले मेलेले त्या साच्यातून गेले.

तीन वर्षांपूर्वी हवालदाराचा बाप, तात्याबा, त्यातूनच गेला. मागे दोन मुलगे, हा नाथाजी आणि लोणंदला ट्रक बाळगून असलेला लालासाहेब. आणि दोन मुली, थोरली हौसाबाई, धाकटी साळूबाई. हौसाबाईचं सासर भरलेलं. साळूबाईचा नवरा गेला, पोर नाही, तेव्हा दिरांनी सहा महिन्यांत बोचकं बांधून तिला फलटणहून एसटीत बसवून दिलं. तेव्हापासून ती गावाच्या कडेला, बापाच्या दोन गुंठ्यांत पत्र्याचं खोपट घालून राहायची आणि आश्रमशाळेत भाकऱ्या थापायची. तात्याबानं शेवटच्या दुखण्यात दोघा पोरांना समोर बसवून सांगितलं होतं, "साळीला तितनं उठवू नगा."

नाथाजीनं शब्द दिला. तेरावा झाल्यावर बापाचा तक्ता त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केला. डोळा चिठ्ठीवर ठेवून, पडद्याकडे न बघता टाइप करायचं ही त्याची जुनी फुशारकी. कागद छापून काढला, पोलादी फूटपट्टी लावून तपासला. रेघा अगदी बरोबर होत्या.

"दादा, माजं नाव टाकलंस न्हवं?" साळूबाईनं विचारलं.

"टाकलं की. हौसाक्काच्या खाली."

"मग झालं."

चावडीवर वारसांची नोटीस लागली आणि पंधरा दिवस फडफडली. साळूबाईला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना तिच्यासाठी वाचायची गरज वाटली नाही. पुढं हौसाबाईनं भावांना हक्क सोडून दिला. तिचा अंगठा घेतला, साळूबाईचा कुणी मागितलाच नाही. तिला वाटलं, आपलं ठेवलंय म्हणून मागत नसतील. वाटपात खोपटाचा तुकडा लालासाहेबाच्या नावे गेला. "माज्याकडं काय नि साळीकडं काय," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी चहा घेतला.

यंदा घरकुलाच्या यादीत साळूबाईचा नंबर लागला. चार भिंती, वर स्लॅब. ती महिनाभर जमिनीला पाय न लावता चालत होती म्हणतात. ग्रामसेवक म्हणाला, जागेच्या कागदावर तुमचं नाव पाहिजे. ती भावाकडे आली आणि भाऊ तिला घेऊन ताठ मानेनं तलाठ्याकडे गेला. तलाठी यशराज, नवीन पोरगा. त्यानं फाइल काढली.

"हवालदार, ह्यांचं नाव नाही."

"आसंल. मुलींचा रकाना बगा."

"तोच बघतोय. हौसाबाई. एकच नाव आहे."

हवालदार चक्क हसला. "माज्या कागदात? आवं साहेब..." कागद हातात घेतला आणि त्याचं हसू जिथल्या तिथं राहिलं. रेघा सरळ होत्या. नाव एकच होतं.

यशराज भला होता. चूकदुरुस्तीचा अर्ज द्या, म्हणाला. तक्ता तुम्ही केला होता, त्यात चूक राहिली असं प्रतिज्ञापत्र लावा. मी लवकर पाठवतो.

दुकानात येऊन हवालदारानं बापाची फाइल उघडली. पडद्यावरही एकच नाव. तेवढ्यात अंकिता कोरे कागद उसने मागायला आली, आणि त्याचं तोंड बघून उभीच राहिली. "साळीचं नाव टाकलं हुतं, गेलं कुटं?" तो म्हणाला.

"काका, ओळीची उंची तुमी बांधून ठेवलीय. नाव दुसऱ्या ओळीवर गेलं की दिसत न्हाई, आतच राहतं." तिनं उंची सैल केली. रकाना खाली सरकला आणि हौसाबाईच्या खालून साळूबाई वर आली. पूर्ण नाव, माहेरचं, सासरचं, एक अक्षर चुकलेलं नव्हतं. तीन वर्षं ती तिथंच बसून होती.

अंकिता वळली. कागद न घेताच गेली. त्यानं दुसरी फाइल उघडली, उंची सोडली. दोन मुली वर आल्या. तिसरी उघडली, चौथी उघडली, आणि मग त्यानं यंत्र बंद केलं.

आता प्रतिज्ञापत्र टाइप करायला त्याला किती वेळ लागावा? दहा मिनिटं. लागले आठ दिवस. 'माझ्या चुकीने' असं लिहायचं म्हणजे ज्या कचेरीत नव्या कारकुनांना त्याचे तक्ते नमुना म्हणून दाखवत, तिथंच सांगायचं की सगळे उकरून बघा. त्यानं 'तांत्रिक कारणाने' लिहिलं, खोडलं. 'नजरचुकीने' लिहिलं, मग नजर कुणाची हा प्रश्न आला. रोज नवा मसुदा, रोज समास तपासून. साळूबाई दोनदा येऊन गेली.

"काय झालं दादा?"

"हापिसात अडकलंय. त्या तलाठ्यानं घोळ घातलाय."

भल्या यशराजावर ढकलून मोकळा झाला हवालदार!

नवव्या दिवशी त्यानं खरं ते लिहून सही केली आणि तो कचेरीत गेला. यशराजनं कागद वाचला.

"परवा का नाही आलात? काल तुमच्या भावानं तो तुकडा विकला, खरेदीखत झालं."

साळीचं नाव लागणार ही कुजबुज लोणंदपर्यंत पोचली होती, आणि लालासाहेब कधी नव्हे तो वेळेवर जागा झाला होता. हवालदारानं त्याला फोन लावला.

"गड्या, तात्यांनी काय सांगितलं हुतं?"

"तात्यांनी सांगितलं हुतं. कागदानं न्हाई सांगितलं," लालासाहेब म्हणाला. "आन कागद कुणी केलावता, दादा? मी केलावता व्हय?"

हवालदारानं फोन ठेवला. नाव पुढं लागलं खरं, पण वकील म्हणाला, विकलेल्या जागेसाठी दावा लावा, तारखा पडतील, तुम्ही दोघंही तरुण नाही आहात. नवीन मालकानं महिनाभरात तारेचं कुंपण घातलं. घरकुलाचा नंबर खालच्या माणसाला गेला. खोपटाचे पत्रे काढायच्या दिवशी साळूबाई दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली.

"तलाठ्याचा घोळ न्हवता म्हणं, दादा."

"न्हवता. माजा हुता."

"मला तरी दाव, मला कुटं बसवलं हुतंस."

त्यानं फाइल उघडून पडद्यावर बोट ठेवलं. ती पुढं वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली.

"हे माजं नाव? चांगलं दिसतंय की. मग कागदावर का न्हाई आलं?"

"रकान्यात मावलं न्हाई."

साळूबाईनं आपल्या हाताकडं बघितलं. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर सरकेल अशी ती वाळलेली.

"एवडी मोटी हाय व्हय रं मी?" ती म्हणाली.

तिनं तेवढा कागद छापून मागितला. त्यानं छापून दिला. पैसे देऊ लागली तेव्हा मात्र हवालदारानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बाकीच्या सहा दुकानांत त्या वेळी कुणी हसलं नाही.

साळूबाई आता हौसाबाईकडे, गोठ्यालगतच्या खोलीत असते. हवालदाराच्या दुकानावर जुनी गिऱ्हाइकं येतात, पण ती भांडायला. तक्त्यात नाव न आलेल्या तीन मुलींनी तर भावांबरोबर त्यालाही नोटीस धाडली आहे. त्याचे तक्ते आता वाकडेतिकडे निघतात. प्रत्येक नाव तो गिऱ्हाइकाकडून मोठ्यानं वाचून घेतो, एकदा नाही, दोनदा, आणि घाईतली माणसं वैतागून अंकिताकडे जातात.

हौसाबाईकडे कुणी पाहुणा आला की साळूबाई ट्रंकेतला कागद काढते, घड्या उलगडते, आणि न वाचता येणाऱ्या ओळीवर बरोबर बोट ठेवते.

"ही मी."