दसऱ्याचा काळा रंग

शेलूबाजारात हायवेच्या कडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीचा सेल्फ मारल्यावर जो आवाज येतो, त्यावरूनच मी बिघाड सांगतो अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा होता. समोरच्या हॉटेलात चहा पीत असलो आणि रस्त्यापलीकडे एखादी जीप नुसती कण्हली, तरी मी बशी खाली न ठेवता सांगायचो, कार्बन गेले. बहुतेक वेळा कार्बनच गेलेले असायचे. सेल्फच्या मोटरीत घासून झिजणारे हे तुकडे, आमच्याकडच्या धुळीत त्यांचंच आयुष्य सगळ्यात कमी. पण लोकांना तो माझा कान वाटायचा आणि मी तो वाटू द्यायचो.

स्टॅंडवर एक चाचा जीप चालवतात. साठी ओलांडलेली, बोलणं कमी. रोज सकाळी सहा शिक्षिकांना ते आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजूच्या खेड्यांतल्या शाळांवर सोडतात. दिवसभर बाकी सवाऱ्या मिळाल्या तर मिळाल्या, ही फेरी मात्र पक्की. त्यांचं घर त्या फेरीवर चालतं.

आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन, खालून चेसीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, काळा रंग मारून हार घालतात. चाचा मुसलमान, पण त्यांच्या जीपइतका जाड झेंडूचा हार दुसऱ्या जीपला नसतो. हार नसला तर सवाऱ्या दुसऱ्या गाडीत बसतात, असं ते सरळ सांगतात. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी त्यांना म्हटलं, चेसीचा रंग मी मारून देतो, माझ्याकडून. तेव्हा माझ्या मनात पुण्य करण्याची इच्छा होती. एरवी ती मला फारशी होत नाही.

काम मी मन लावून केलं. इंजिनाला चेसीशी जोडणारी तांब्याची चपटी, विणलेली अर्थिंगची पट्टी असते. सेल्फ जो करंट ओढतो, तो त्या पट्टीतून बॅटरीकडे परत जातो. म्हणून तिच्याखाली लोखंड उघडं लागतं. हे मी आजवर कितीजणांना ऐकवलं असेल. एखादा पेंटर असता तर त्यानं बोल्टच्या बाजूनं ब्रश फिरवून सोडून दिलं असतं. मी मिस्त्री, म्हणून बोल्ट उघडला, पट्टी बाजूला केली, खाली रंगाचे नीट दोन हात मारले, वाळू दिले आणि पट्टी परत घट्ट कसली.

चौथ्या दिवशी सकाळी जीप चालू होईना. धक्का मारून चाचा दुकानापर्यंत आले आणि म्हणाले, "मिस्त्री, सेल्फ मारला का एक्सिलेटरची वायर गरम होऊन राह्यली. हात लावून पाहा."

मी हात लावला नाही. एक्सिलेटरच्या वायरचा सेल्फशी काय संबंध, असं म्हणून हसलो, मान तिरपी करून आवाज ऐकला आणि बॅटरी गेल्याचं सांगितलं.

नवी बॅटरी बसवली. जुनी मी भंगारात घालतो म्हणून ठेवून घेतली. नवीच्या जोरावर जीप दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच कण्हण्याचा आवाज. मग मी कार्बन बदलले. मग चार्जिंग कमी दिसलं म्हणून डायनामो बदलला. दरम्यान सहा शिक्षिका साडीचा पदर खोचून रोज सकाळी जीप ढकलत होत्या. त्यांतल्या एक बाई विज्ञान शिकवायच्या. त्यांनी मला स्टॅंडवर विचारलं की मीटर तुम्ही कुठं कुठं लावून पाहिला. चौथीच्या पोराला सांगावं तशा सुरात मी त्यांना करंट म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

तीनदा परिपाठ चुकल्यावर बायकांनी चाचांना सांगितलं की सोमवारी गाडी सेल्फवर चालू झाली नाही तर आम्ही दुसरी जीप पाहतो. रविवारी चाचा जीप घेऊन आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "ही फेरी गेली तं गाडी कायले ठेवू, मिस्त्री?"

मी बॉनेटमध्ये वाकलो आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. आधारासाठी ठेवलेला हात नेमका एक्सिलेटरच्या वायरवर होता. चटका बसला. पट्टीतून वाट मिळत नव्हती म्हणून करंट त्या बारक्या वायरीतून परत जात होता. पहिल्या दिवशी चाचांनी हेच सांगितलं होतं. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनाला लावली. सेल्फ मारताना काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा, तो तीन व्होल्टच्या पुढं गेला. खाली शिरून बोल्ट उघडला. माझा काळा रंग तिथं अजून चकाकत होता. काम खरंच सफाईदार झालं होतं.

लोखंड पांढरं होईपर्यंत खरडलं, पट्टी कसली, आणि पहिल्याच झटक्यात जीप चालू झाली. काय होतं, असं चाचांनी विचारलं. होतं थोडं, सापडलं, असं मी म्हणालो.

सोमवारी बायका त्याच जीपमध्ये बसल्या. चाचांनी स्टॅंडवर सांगितलं की बिघाड सापडेपर्यंत हा मिस्त्री सोडत नाही. माझ्याकडे पार कामरगावहून गाड्या येऊ लागल्या. आणि ती जुनी बॅटरी मी भंगारात घातलीच नव्हती, घरच्या इन्व्हर्टरला लावली होती. लाईट गेली की तिच्यावर पंखा फिरायचा. इतकी चांगली बॅटरी कुठून आणली, असं बायकोनं दोनदा विचारलं. त्या पंख्याखाली मला झोप लागेना.

महिनाभरानं बॅटरी मोटारसायकलला बांधून मी स्टॅंडवर गेलो आणि चार ड्रायव्हरांसमोर सगळं सांगितलं. रंग मीच मारला, बॅटरी चांगली होती, कार्बन चांगले होते, डायनामो चांगला होता.

चाचा हसले. "रंगानं कुठं गाडी बंद पडते काय? सामान डुप्लिकेट लागलं असंन. सामानवाल्या दुकानदाराले वाचवून राह्यले तुमी."

"मिस्त्री, आता आमच्याबी गाडीची चूक आपल्यावर घ्या," एक ड्रायव्हर म्हणाला आणि बाकीचे हसले.

मी बॅटरी पुढं केली.

"खराब बॅटरी कायले घेऊ मी? तुमीच तं म्हणाले होते."

"चाचा, वायर गरम होते हे तुमी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो. पण तुमी म्हणाले त्याचा संबंध नाही. मी तवाच सोडून देलं ते."

बॅटरी घेऊन मी परत आलो. संध्याकाळपर्यंत स्टॅंडवर माझ्या इमानदारीची गोष्ट झाली होती.

मागच्या दसऱ्याला चाचा रंगाचा डबा घेऊन दुकानी आले. मागच्या वेळी रंग चांगला बसला होता, म्हणाले, यंदाही तुमच्याच हातचा पाहिजे. मी रंग मारला. बोल्टला हात लावला नाही, भोवती बोटभर जागा कोरी ठेवली. चाचांनी वाकून पाहिलं.

"इथं सुटलं, मिस्त्री."

"सुटू द्या, चाचा."

मी हात धुऊन परत आलो तेव्हा त्यांनी तेवढी जागाही ब्रशनं भरली होती, आणि ते हार बांधत होते. पट्टीखालचं लोखंड उघडं असलं की वरून लागलेल्या रंगानं काही बिघडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्यांना सेल्फ मारायला लावला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि एक्सिलेटरच्या वायरवर हात ठेवून उभा राहिलो. थंड होती. चाचा म्हणाले, आता काय ऐकून राह्यले? मी हात काढला नाही.