काळी साडी नेसून रामनिवास बागेत

ह्यांची रेल्वेत बदली झाली आणि आम्ही अकोल्याहून जयपूरला आलो. मुलं शाळेत, हे ड्युटीवर. आदर्श नगरच्या दोन खोल्यांत दिवस जाईना, म्हणून मी सकाळी रामनिवास बागेत जायला लागले.

राजेराजवाड्यांचं गाव म्हणून मी आधी दबूनच होते. पण इथल्या राजानं लोकांसाठी केवढी बाग करून ठेवली आहे! आत जाताना कोणी अडवत नाही, की काही विचारत नाही. मधोमध महालासारखं संग्रहालय, त्याच्यासमोर कबुतरंच कबुतरं. लोक त्यांना ज्वारी टाकतात. इथे कोणी ज्वारीची भाकर खात नाही म्हणून मी घरी कुरकुर करायची, आणि कबुतरांची मात्र रोजची मेजवानी!

कडुलिंबाच्या झाडाखाली सात-आठ बायका रोज बसायच्या. व्यायाम थोडा, हसणं फार. मी पलीकडच्या बाकावर बसून ऐकायची. त्यांनी मान हलवली की मीही हलवायची. तोंडातून शब्द काही निघायचा नाही.

पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायला माझ्याकडे कोणीच नव्हतं. वाण देवळात ठेवून आले, पण मन भरलं नाही. दुसऱ्या वर्षी ठरवलं, कोणी घरी येत नाही तर आपणच बागेत जायचं. तिळाचे लाडू केले, वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या, कुंकवाचा करंडा घेतला आणि ठेवणीतली काळी साडी नेसून निघाले.

मी झाडाजवळ पोचले तशा सगळ्या एकदम गप्प झाल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी बाई उठली, माझा हात धरून हळूच म्हणाली, "बहनजी, घर में सब ठीक तो है?"

मला काही कळेना. दुसरी म्हणाली, "त्योहार के दिन काला कौन पहनता है?"

परत फिरावं असं वाटलं. पण हातात लाडवांचा डबा, आणि म्हातारी हात सोडेना.

"नहीं नहीं, सब अच्छा है," मी म्हटलं. "हमारे में संक्रांत को कालाच पहनते. थंडी रहती ना, काले में गरम लगता. नई बहू को तो सास काली साडी देती."

"सास देती है? काली?" एकीनं कपाळाला हात लावला. "मेरी सास को मत बताना, वो तो बारहों महीने देगी!"

सगळ्या हसल्या. मग मी एकेकीला हळदकुंकू लावलं, लाडू दिला, गाळणी दिली. गाळणी बघून पुन्हा हसू, ही कशाला म्हणून. तेही मला सांगावं लागलं.

"इतना बोलती हो!" म्हातारी म्हणाली. "हम तो समझे थे, बड़ी घमंडी है."

"और मैं समझी गूँगी है," सासूवाली म्हणाली.

मी घमंडी! मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सरकून मला मधे जागा करून दिली. वर आभाळभर पतंग होते. माझं लग्न कसं झालं, अकोल्याला ऊन किती, पुरणपोळी कशी करतात, सगळं त्यांनी विचारलं आणि मी मोडक्या हिंदीत सांगितलं.

घरी पोचायला बराच उशीर झाला. हे दारातच उभे.

"कुठे होतीस इतका वेळ?"

"बोलत होते," मी म्हटलं.

ह्यांना ते खरंच वाटेना.