आपाचा नंबर

नेकनूरच्या पंचक्रोशीत आमच्या आपाइतके फोन कुणालाच येत नाहीत, पुढाऱ्यांनाही नाही. आपा माझी थोरली बहीण. पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर तिचा कंप्युटरचा क्लास आहे. एका कंप्युटरवर दोघं बसतात, आणि माउस कायम मुलीच्या हातात. मुलानं शेजारी बसून वहीत लिहायचं. बाकी सगळीकडे नेमकं उलटं चालतं म्हणून आपल्याकडे असं, एवढाच तिचा खुलासा. एका बागायतदाराचा मुलगा रडत घरी गेला, तेव्हा त्याचे वडील तावातावानं भांडायला आले. आपानं त्यांनाही एक वही दिली. तासाभरानं ते निमूटपणे मुलाची फी भरून खाली उतरले.

पण तिचा खरा विक्षिप्तपणा नोकरीच्या अर्जात दिसतो. मोबाईल नंबरच्या रकान्यात आमच्याकडच्या मुली बापाचा नाहीतर भावाचा नंबर लिहितात. आपा तो खोडून स्वतःचा घालते. त्यामुळे पुण्याच्या कंपन्यांकडे आमच्या चाळीस मुलींचा एकच नंबर आहे. निकाहच्या दावतीत बिर्याणी वाढता वाढताही तिनं मुलाखती ठरवल्या आहेत. तुमच्या भागातून मुली इतक्या कमी का येतात, असं एका साहेबांनी विचारलं, तर म्हणाली, "पोरी लई हायेत, साहेब. त्यांचा फोन भावाच्या खिशात हाय."

हे वाक्य आलं की मी पाणी प्यायला उठतो. वीसेक वर्षांपूर्वी आपा अंबाजोगाईच्या कॉलेजात कंप्युटरला पहिली आली होती. घरात एकच मोबाईल, तो माझ्या खिशात. पुण्याच्या कंपनीचा फोन आला. अनोळखी पुरुष माझ्या बहिणीचं नाव घेतो म्हणून मी "कोण बे तू?" विचारून तो कट केला, आणि वर घरी फुशारकीनं सांगितलं. आपा तेव्हा कणीक मळत होती, ती मळतच राहिली. कंपनीचा फोन परत आला नाही.

परवा क्लासातल्या तेलगावच्या सुवर्णाच्या मुलाखतीचा निकाल यायचा होता. नोकरी लागली नसती तर दसऱ्यानंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार होती. आपा कणीक मळत होती आणि तिचा फोन माझ्याजवळ वाजला. मी उचलून "कोण?" म्हणालो, तशी तिचे हात परातीत थांबले.

"धरा साहेब, आपाला देतो," म्हणत मी धावलो. तिचे हात कणकेचे, म्हणून फोन मीच तिच्या कानाशी धरला. सुवर्णाला नोकरी लागली होती. आपा हसली, डोळे पुसायला गेली आणि गालभर कणीक लागली. पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता. मी मात्र तो तिच्या कानाशी तसाच धरून उभा होतो.