वाढत्या अंगाचं

मास्तर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे खांदे बघतात. खडू कानावर ठेवतात आणि मग घरभर शोधतात. चहा निवलेला असला तरी त्यावर एकदा फुंकर घालतात. मशीनला कोणी टेकलं तर काही बोलत नाहीत, फक्त पायडल मारायचं थांबतात. माणूस आपोआप बाजूला होतो. लहान मुलाचं माप घेताना टेपवरचं बोट थोडं पुढे सरकवतात आणि त्याच्या आईला सांगतात, "वाढत्या अंगाचं शिवतो." आणि कपड्यांखेरीज दुसरं काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "ताईला विचारून सांगतो."

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहतो. साहित्यात पदवी घेतली की माणूस शिकवण्या घेतो, तशा मी घेतो. शिकवण्या संपल्या की खाली मास्तरांच्या खोलीत जाऊन बसतो. शाळेचे गणवेश हे त्यांचं सगळं आयुष्य. या भागातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांनी शिवलेल्या चड्डीत धावलेली आहेत.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. वॉर्ड सुटला, राउंड सुटला नाही. रोज सकाळी घरभर फिरतात, पलंगाखाली बघतात, बादल्या सरळ करतात. गल्ली त्यांना मेट्रनबाई म्हणते. मास्तरांनी शिवणकाम शिकावं हे त्यांनी ठरवलं. रस्त्यावरचं दुकान बंद करून मशीन घराच्या मागच्या खोलीत आणावी हेही त्यांनीच. मास्तरांसाठी मुलगी त्यांनी पाहिली, आणि मुलीकडून नकार आला तेव्हा तो सांगायलाही त्याच आल्या. मास्तर तेव्हा काज करत होते. ऐकून घेतलं आणि काज पुरा केला, असं ताईच सांगतात.

मागच्या खोलीची खिडकी परसदारी उघडते. तिथे मोकळी जागा होती. गवत, एक पडकं न्हाणीघर, बाकी काही नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला ती जागा गाड्या उभ्या करायला हवी होती. तो सिमेंट करून घेणार होता. ताईंना ते पटलं होतं. जागा रिकामी ठेवणं त्यांना रिकामा पलंग ठेवण्यासारखं वाटायचं.

जेवताना त्यांनी ते सांगितलं. मीही होतो. मास्तरांनी घास खाली ठेवला.

"ताई, मला तिथे कोंबड्या पाळायच्यात."

"कोणाला?"

"मला."

ताईंनी डावा हात पुढे करून त्यांच्या कपाळावर ठेवला. "ताप तर नाही."

"मान वर केली की समोर काहीतरी हलतं दिसायला हवं," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं गवत बघतोय."

"मग गाड्या हलतील की."

"त्या उभ्या राहणार आहेत, ताई."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं होतं. मी भातात लक्ष घातलं.

"तुला स्वतःचा खडू सांभाळता येत नाही," त्या म्हणाल्या. "जिवंत जीव कसले सांभाळणार? सकाळी उठवतं कोण तुला? मी. पहिल्या आठवड्यात सगळं माझ्या गळ्यात पडेल."

मास्तर वाद घालत नाहीत. पण त्यांची एक पद्धत आहे. ते कोणताही कपडा ट्रायलशिवाय पक्का शिवत नाहीत. आधी कच्चा टाका, मग अंगावर घालून बघायचं, मगच मशीन. कोंबड्यांचंही त्यांनी तसंच केलं.

दुकानातलं जुनं शोकेस माळ्यावर धूळ खात होतं. त्याच्या काचा काढून त्यांनी जाळी बसवली आणि ते परसदारी नेऊन ठेवलं. मग त्या रिकाम्या खुराड्याची सेवा सुरू केली. उजाडायच्या आत उठायचं. दार उघडायचं. पाण्याचं भांडं घासून भरायचं. जमीन झाडायची. संध्याकाळी मशीन थांबवून दार लावायचं, कडी ओढून बघायची. आत कोणी नाही. ऊन असो, पाहुणे असोत, गणवेशांची गर्दी असो, एक दिवस चुकला नाही.

"कोणाला पाणी पाजतोयस?" ताईंनी विचारलं.

"ट्रायल घेतोय."

"कोणाची?"

"माझी."

गल्लीला करमणूक मिळाली. दूधवाला रोज विचारायचा, "मास्तर, आज किती अंडी?" मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "आज त्यांना सुट्टी होती." गॅरेजवाला कुंपणावरून वाकून म्हणाला, "कोंबड्या फारच सुधारलेल्या आहेत हो. आवाज नाही की घाण नाही." मास्तर त्यालाही हसले आणि भांडं घासत राहिले.

एका सकाळी ताई राउंडला निघाल्या तेव्हा मास्तर परसदारी केव्हाच पोचले होते. ताई दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ऐक. पहिलं अंडं माझ्या हातावर ठेवायचं. तोवर गॅरेजवाल्याला मी थांबवते. पिल्लं मेली, तर मात्र विषय संपला. सिमेंट पडेल आणि तू पुन्हा हे नाव काढायचं नाहीस."

"चालेल," मास्तर म्हणाले. त्यांनी कोणालाही विचारलं नाही. विचारायचं कोणाला? समोर ताईच होत्या.

पिल्लं आणायला आम्ही तिघं गेलो. बाजाराच्या टोकाला हॅचरीचा टेम्पो उभा होता. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, आणि आतून उकळत्या पाण्यासारखा बारीक आवाज.

"सगळ्या माद्याच द्या," मास्तर म्हणाले.

"मी पण बायकोला तेच म्हटलं होतं. तीन मुलगे झाले," हॅचरीवाला म्हणाला. "पिल्लाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, काका."

ताई पुढे झाल्या. छत्रीच्या टोकाने दाखवू लागल्या. "हे घे. ते नको, ते झोपतंय. हे—"

"तू थांब, ताई. मी बघतो."

हॅचरीवाल्याला यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र ताईंकडे बघायचं धाडस केलं नाही. छत्री खाली आली, एवढं दिसलं.

मास्तरांनी एकेक पिल्लू उचललं. डोळे पाहिले, पाय पाहिले, उलटं करून खालची बाजू पाहिली, आणि तळहातावर ठेवून ते नीट उभं राहतं का याची वाट पाहिली. मागे माणसं खोळंबली.

"कापड घेताय का काका, उलटंसुलटं बघायला?"

"कापड परत करता येतं," मास्तर म्हणाले आणि पुढचं पिल्लू उचललं. असं करत त्यांनी डझनभर पिल्लं घेतली.

घरी त्यांच्यासाठी जागा तयार होती. खुराडं नंतरचं, आधी पिल्लांना ऊब लागते, हे मास्तरांनी चौकशी करून जाणून घेतलं होतं. दुकानातलं कापड बेतायचं मोठं टेबल त्यांनी मागच्या खोलीत उलटं ठेवलं होतं आणि चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या होत्या. खाली लाकडाचा भुसा, वर टांगलेला बल्ब, पाण्याच्या बशीत खडे, म्हणजे कोणी बुडू नये. मी दोन पाय पसरून आरामात झोपलो असतो एवढी पेटी होती.

"केवढी ही," मी म्हणालो.

"वाढत्या अंगाची आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

संध्याकाळपासून पिल्लं ओरडू लागली. बाजारातला आवाज नव्हे हा. उंच, एकसारखा, कानात शिरणारा. मास्तरांनी पाणी बदललं, दाणे चुरून दिले, आणखी एक बल्ब टांगला. पिल्लांनी खाणं सोडून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग केला. सकाळी ढिगाखाली एक पिल्लू मेलेलं निघालं. दुसऱ्या दोघांच्या माना लवंडत होत्या.

मास्तरांनी मेलेलं पिल्लू अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून परसदारी पुरलं. परत येऊन स्टुलावर बसले. पायडलवर पाय, पण मशीन बंद.

बातमी गॅरेजवाल्यापर्यंत पोचली. तो हळहळत आला. "वाईट झालं, मास्तर. जिवाचं असंच असतं. आता आलोच आहे तर जागेचं माप तेवढं घेऊन टाकतो." आणि परसदारी जाऊन खरोखरच टेप पसरू लागला.

मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. "टेप उलटा धरलाय," ते म्हणाले.

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या अंगात गणवेशाचा फ्रॉक होता. तो खांद्यावरून उतरत होता आणि मुलगी एका हाताने तो वर ओढून धरत होती.

"मास्तर, वर्ष झालं शिवून," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाढत्या अंगाचा दिलात, पण ही अजून आत सापडत नाही. थंडी शिरते म्हणते. जरा आत घ्या ना."

मास्तरांनी फ्रॉककडे पाहिलं. मग वळून पेटीकडे पाहिलं. त्या मोठ्या मोकळ्या जागेत कोपऱ्यातला तो चिमूटभर ढीग.

"बाई, जरा वेळाने या," ते उठत म्हणाले. "आधी हे आत घेतो."

बाईंना काही कळलं नाही. मला कळायलाही थोडा वेळ लागला. मास्तरांनी कॉलर ताठ करायच्या जाड कापडाचा, बकरमचा तागा ओढला. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या कापल्या, त्यांना दोन्हीकडून बकरम लावलं आणि मशीनवर घातलं. सुई पुठ्ठ्यात अडखळत होती. एक मोडली. त्यांनी दुसरी लावली. शेवटी हातभर उंचीची एक ताठ पट्टी तयार झाली. तिची टोकं जोडून त्यांनी गोल केला आणि तो बल्बभोवती उभा केला. एखाद्या राक्षसाच्या गळ्याची कॉलर असावी तसा. बल्ब खाली आणला. पिल्लं एकेक उचलून आत ठेवली. गोलाला कोपरा नव्हता, ढीग करायला जागाच नव्हती.

दारात ताई उभ्या होत्या. हातात गरम पाण्याची रबरी पिशवी, फडक्यात गुंडाळलेली.

"माझी पाठदुखीची आहे. परत दे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ती भुशाखाली सरकवली. "आत्ता गरम केलीस?"

"उजाडल्यापासून तिसऱ्यांदा पाणी बदललं. गारठलीत ती, एवढं दिसत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

आणि ताई हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

ओरडणं हळूहळू उतरलं. आधी तुटक झालं, मग नुसती कुजबुज राहिली. ढीग सुटला. पिल्लं उबेखाली सांडलेल्या बटणांसारखी पसरली. मान लवंडलेल्यांपैकी एकाने डोळा उघडला आणि शेजारणीच्या पाठीवर चोच मारली.

"भांडतायत," मास्तर म्हणाले. "जगली."

गॅरेजवाला टेप गुंडाळत खिडकीशी आला. ताईंनी त्याला बाहेरूनच वाटेला लावलं. "पेशंट आहेत आत. गर्दी नको."

त्यानंतर दर थोड्या दिवसांनी मास्तर गोलाचा जोड उसवत, एक नवी पट्टी जोडत आणि तो मोठा करत. फ्रॉकची दुमड उघडावी तसा. पिसं आली, बल्ब उतरला, शेवटी गोलही गेला आणि उलट्या टेबलाची ती पेटी एके दिवशी खरंच पुरेशी भरली. मग लहान पडू लागली. तेव्हा सगळी मंडळी परसदारी शोकेसमध्ये राहायला गेली. अकरापैकी एक कोंबडा निघाला. तो ताईंच्याही आधी उठून राउंड घेऊ लागला, आणि ताईंनी ते मनावर घेतलं. दोघांत रोज चढाओढ असे.

दूधवाल्याने विचारणं बंद केलं. आता तो कुंपणाशी थांबून बघत राहायचा.

महिने गेले. कोंबड्या आडोसा शोधू लागल्या. एक न्हाणीघरात शिरे, दुसरी मास्तरांच्या चिंध्यांच्या टोपलीत बसे. त्यांना अंधारी जागा हवी, असं मास्तरांनी ओळखलं. शोकेसच्या खालच्या खणांना पडदे करायचे ठरवलं. शाळेच्या निळ्या कापडाचे तुकडे उरले होते, त्यांचे. पहिले पडदे लावून झाले. शेवटचा खणावर टाचून, गुडघ्यांवर बसून ते जागच्या जागी हाताने दुमड घालत होते, तेव्हा तांबडी कोंबडी आली. तिने मास्तरांच्या कोपराखालून मान घातली, पडदा बाजूला केला आणि आत जाऊन बसली.

मास्तरांनी सुई काढून घेतली. दोरा तोडला. मागे सरकले. मला खुणेने गप्प राहायला सांगितलं, मी बोलत नव्हतो तरी.

आम्ही तसेच बसून राहिलो. मग आतून जे ओरडणं सुरू झालं त्याला कोंबड्याने साथ दिली, आणि तांबडी बाहेर येऊन, जणू काही झालंच नाही अशी, दाणे टिपू लागली.

मास्तरांनी हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा मूठ बंद होती. ते स्वयंपाकघरात गेले. ताई भांडी लावत होत्या. मास्तरांनी त्यांचा ओला हात पुसला आणि त्यावर अंडं ठेवलं. लहान, तपकिरी, एका टोकाला किंचित वाकडं.

ताईंनी ते गालाला लावून पाहिलं. दवाखान्यात किती जणांचा ताप त्यांनी असा पाहिला असेल.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

अंडं हातात घेऊनच त्या चपला घालून गॅरेजवर गेल्या. मी मागे गेलो. राहवलं नाही. गॅरेजवाला गाडीखाली होता. फक्त पाय दिसत होते. ताई त्या पायांशी बोलल्या.

"मागची जागा दिली मी."

"कोणाला?" गाडीखालून आवाज आला.

"माझ्या भावाला. त्याने मागितली होती."

गॅरेजवाला सरपटत बाहेर आला. ताईंनी त्याच्या डोळ्यांसमोर अंडं धरलं, पुरेसं दिसू दिलं, आणि परत निघाल्या. येताना दूधवाला भेटला, शिंप्यांच्या दोऱ्यांचा दुकानदार भेटला, फ्रॉकवाल्या बाई भेटल्या. प्रत्येकासमोर ताई थांबल्या. हात कोणालाही लावू दिला नाही.

घरी मास्तर खिडकीपाशी मशीनवर बसले होते. मान वर करत, बाहेर बघत, पुन्हा खाली घालत. परसदारी सगळीकडे काहीतरी हलत होतं. ताईंनी संध्याकाळी काय भाजी करायची ते त्यांना विचारलं. मास्तर विचारात पडले. मग त्यांनी सांगितलं, आणि ती झाली.

तो शेवटचा पडदा अजून तसाच आहे. अर्धी दुमड घातलेली, अर्ध्या बाजूने धागे लोंबताहेत. मास्तर सुईदोरा घेऊन रोज जातात. पण रोज कोणीतरी आत बसलेलं असतं.